वावर देता, पन पानी कोन देईन? संत्रापट्ट्यातल्या एका मोठ्या फारकतीची फाईल

पार्श्वभूमी

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड हा आमचा संत्रापट्टा. त्यातल्याच एका तालुक्यातलं हे प्रकरण, कोणत्या ते सांगत नाही, आकडेही थोडे इकडेतिकडे केलेत. बाईला ताई म्हणतो, नवऱ्याला भाऊ. मी ताईकडचा वकील, तालुक्याच्या कोर्टात प्रॅक्टिस करणारा, म्हणजे जमिनीचे दावे, चेक बाऊन्स, खावटी म्हणजे पोटगी, जे येईल ते.

लग्न २००४ चं. मुलगी सोळा वर्षांची, नागपूरला होस्टेलवर राहून नीटची तयारी करत होती, मुलगा अकरा वर्षांचा. सासरे २०१७ ला वारले. घरात सासूबाई, धाकटा दीर, आणि लग्न होऊन गेलेली एक नणंद. जून २०२१ पासून ताई मुलाला घेऊन माहेरी. का ते लिहीत नाही, ते दोघांचं दोघांपाशी, मारहाण नव्हती एवढं सांगतो कारण पुढच्या निर्णयांवर त्याचा फरक पडला.

इस्टेट बाहेरून पाहिली तर डोळे फिरावे अशी. ३४ एकर वावर, त्यातलं २२ एकर संत्रा, बाकी कपाशी-तूर. ३४ पैकी १८ एकर आजोबापासूनचं, सासऱ्यांच्या मागं वारस फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर वारसांची नोंद, होऊन चौघांची नावं चढलेली. १६ एकर २००९ ते २०१४ मध्ये घेतलेलं, त्यात १० भाऊच्या नावानं आणि ६ ताईच्या नावानं. तालुक्याला कृषी केंद्र, म्हणजे बी-खत-औषधांचं दुकान. तिघांच्या पार्टनरशिपमध्ये संत्रा ग्रेडिंग-कोटिंगचं युनिट. नागपूरला दोघांच्या नावानं फ्लॅट, त्यावर कर्ज. अमरावती रोडवर दोन एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट, एक भाऊच्या नावानं, एक सासूबाईंच्या. सोनं, एफडी, एलआयसी, पीपीएफ, आणि या सगळ्याच्या खाली दबलेलं पीककर्ज.

अडचण नेमकी काय होती

ऑगस्ट २०२२ मध्ये ताईचा भाऊ माझ्याकडे आला, हातात शंभर रुपयाचा बॉन्ड, म्हणजे स्टॅम्प पेपर. गावच्या बैठकीत ठरलं होतं, २५ लाख घ्या, मोकळे व्हा, पोरं ज्याची त्याच्याकडे. "साहेब, एवढं पाहून द्या, उद्या सही हाय."

मी पाहिलं आणि सांगितलं की हा कागद शेगडीत घाला. हिंदू विवाह कायद्याखाली, समाजात फारकतीची रूढी आहे हे कोर्टात सिद्ध होत नाही तोवर, बॉन्डवर लिहून लग्न मोडत नाही, नोटरीचा शिक्का मारला तरी नाही. उद्या भाऊनं दुसरं लग्न केलं तर ते बेकायदा, ताईनं केलं तर तिचंही, आणि त्या २५ लाखाची पावती कोणत्या खात्यावर दाखवायची ते वेगळंच. आमच्याकडे आजही असे कागद होतात आणि लोक दहा-दहा वर्षं त्याला घटस्फोट समजून चालतात.

पण खरी अडचण बॉन्ड नव्हताच. ताईचा हिशोब होता की इस्टेट नऊ कोटीची आहे, भाऊचं म्हणणं की कर्ज वजा जाता दीड कोटीही राहत नाही, आणि दोघंही खोटं बोलत नव्हते. ताई वावराचा रोडच्या कडेचा भाव सगळ्या एकरांना लावत होती आणि सासूचा प्लॉट, दिराचा हिस्सा सगळंच धरत होती. भाऊ फक्त बँकेची स्टेटमेंटं पाहत होता. ताई पहिल्या दिवशीच बोलली, "मले पैशाचं एवढं नाई साहेब, मले हिशोब पाह्यजे. अठरा वर्सं त्या घरात हिशोब मले कोनी दाखवला नाई."

आणि कायद्याची बाजू बायकोसाठी वाटते तेवढी भक्कम नाही. आपल्याकडे लग्नानंतरची कमाई अर्धी-अर्धी असा नियमच नाही. बायकोला खावटी मिळते, एकरकमी मिळू शकते, राहायचा हक्क असतो, स्त्रीधन तिचं असतं, पण नवऱ्याच्या नावावरच्या वावरात ती नुसती बायको म्हणून हिस्सा मागू शकत नाही. वडिलोपार्जितात पोरांचा जन्मानं हक्क असतो, मुलीचाही, २००५ च्या दुरुस्तीनं आणि २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या विनीता शर्मा निकालानं ते पक्कं झालंय. म्हणजे ताईची सगळ्यात मजबूत बाजू ताई नव्हती, तिची पोरं होती. हे तिला समजायला दोन भेटी लागल्या.

कोणते पर्याय तोलले

पहिला, बॉन्ड. तो बाद.

दुसरा, भांडायचं. घटस्फोटाचा अर्ज, खावटी, घरगुती हिंसाचार कायद्याखाली अर्ज, पोरांच्या नावानं वाटपाचा दावा, चारही तोफा एकदम. बरेच वकील हेच करतात आणि खरं सांगतो, मीही आधी एक कडक नोटीस पाठवून बसलो होतो. ती माझी पहिली चूक. नोटीस पोचली आणि भाऊनं सात आठवडे फोन उचलला नाही, धाकट्या दिरानं युनिटच्या पार्टनरांना सांगितलं की कागद बाहेर देऊ नका, सासूबाईंनी लॉकरची चावी नणंदेकडं पाठवली. दाव्यानं मिळालं असतं ते दहा वर्षांनी, आणि संत्र्याचं झाड दहा वर्षं कोर्टासाठी थांबत नाही, दोन उन्हाळे पाणी चुकलं की वाळतं.

तिसरा, हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-ब, परस्पर संमतीनं घटस्फोट. एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं, ते झालं होतं. पहिली तारीख, मग सहा महिने थांबणं, मग दुसरी तारीख, पहिलीपासून अठरा महिन्यांच्या आत. यात एक फट आहे जी लोकांना माहीत नसते, संमती शेवटपर्यंत टिकली पाहिजे, हुकूम व्हायच्या आधी कोणीही मागं फिरू शकतं. म्हणून पैसा आणि वावर कधी, कोणत्या टप्प्यावर हलवायचं हे रकमेइतकंच महत्त्वाचं.

तिसराच धरला, पण आधी आकडा लागत होता. आणि तो मला काढता येत नव्हता.

टीम जमली कशी

भाऊच्या सीएनं निरोप पाठवला होता की मीच दोघांचं करून देतो, फी वाचेल. नाही म्हटलं. माणूस चांगला होता, पण तो त्या घराचा बारा वर्षांचा सीए, त्याची रोजीरोटी भाऊकडून. ताईसाठी अमरावतीचा वेगळा सीए घेतला. सुप्रीम कोर्टानं २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात खावटीच्या केसमध्ये दोघांनीही मालमत्ता आणि देण्याचं शपथपत्र द्यायचं असं ठरवून दिलंय, त्याचा नमुनाही निकालाला जोडलाय. आम्ही खावटीचा अर्ज टाकलाच नव्हता, तरी तोच नमुना दोन्ही बाजूंना भरायला दिला. अर्धी कामं तिथंच झाली, कारण रकाना समोर असला की माणूस तो रिकामा सोडायला लाजतो.

मग जमिनीसाठी सरकारमान्य मूल्यांकनकार, तो प्लॉट आणि फ्लॅट पाहील. भूमी अभिलेखमधून निवृत्त झालेले एक काका, सातबारा वाचायला. तुम्ही म्हणाल सातबारा वकिलाला वाचता येत नाही का, येतो, पण जुने फेरफार त्यांच्यासारखे वाचता येत नाहीत, हे कबूल केलेलं बरं. बागेसाठी निवृत्त कृषी सहाय्यक, पंजाबराव कृषी विद्यापीठात शिकलेले, स्वतःची आठ एकर बाग. कृषी केंद्राच्या वह्यांसाठी भाऊकडचाच म्हातारा मुनीम, दोघांच्या संमतीनं. अमरावतीच्या एक मध्यस्थ बाई. आणि पोरांसाठी समुपदेशक, पण ती उशिरा, त्यावर पुढं बोलतो.

सगळ्यांची मिळून फी दोन लाख चाळीस हजार झाली, माझी सोडून. ताईकडे रोख नव्हती, तिच्या सहा एकरातल्या बहाराच्या, म्हणजे झाडावरच्या फळाच्या, ठेक्यातून दिली. सुरुवातीला तिचा भाऊ म्हणाला, एवढे लोक कशाला, लग्नाला तरी एवढे आचारी नव्हते.

वह्या

कृषी केंद्राची उधारी हा गावाकडच्या प्रकरणांतला असा खड्डा आहे की शहरातल्या सीएला तो दिसतच नाही. बॅलन्स शीटमध्ये बावीस लाखाची येणी, आणि गल्ल्याखाली लाल कापडात बांधलेल्या तीन वह्या, त्यांची बेरीज ७१ लाख. ताईचा भाऊ म्हणे सापडला काळा पैसा. भाऊ म्हणे त्यातले पन्नास तरी बुडाले.

मुनीमजींना बसवलं. चष्मा दोऱ्यानं बांधलेला, एकेका नावावर बोट ठेवत गेले. हा देईन. हा पोळ्याले देतो म्हनते, तीन पोळे झाले. याची पोरगी द्याची हाय औंदा, याले मांगू नका. हा मेला. सीए लॅपटॉप उघडून बसला होता, त्यानं पहिल्या अर्ध्या तासात लॅपटॉप बंद करून कागद-पेन घेतला.

शेवटी वयानं तीन थर पाडले. चालू हंगामाची २९ लाख, मागल्या हंगामाची १७ लाख, आणि त्याच्याही आधीची २५ लाख. उधारीच्या वसुलीची मुदत कायद्यानं तीन वर्षं, मधे कर्जदारानं लिहून सही दिली तर ती नव्यानं चालू होते, पण वहीत सह्या जवळजवळ नव्हत्याच. चालूचे ८० टक्के, मागल्याचे ४० टक्के, जुन्याचं शून्य धरलं. २३.२ आणि ६.८, बरोबर ३० लाख. दुकानातला माल १८ लाखाचा, त्यात तीन लाखाची औषधं मुदत संपलेली, आणि कंपन्यांचं देणं २२ लाख. म्हणजे अख्खं कृषी केंद्र २३ लाखाचं. दोन्ही बाजूंनी हा आकडा एका बैठकीत मान्य केला, कारण मुनीमजींना दोघंही लहानपणापासून नाही तरी लग्नापासून ओळखत होते. सीएनं एकट्यानं हाच आकडा काढला असता तर मानला नसता, हे मी लिहून देतो.

बाग

सहा बाय सहा मीटरवर लावलेली बाग म्हणजे एकरी साधारण ११० ते ११२ झाडं, २२ एकराला कागदावर २,४५० झाडं. कृषी सहाय्यक म्हणाले कागद ठेवा, मोजू. अडीच दिवस ते, त्यांचा पुतण्या आणि ताई, तिघं ओळीनं फिरले. मोजलेल्या झाडाला चुन्याचा ठिपका. उभी झाडं निघाली २,०८७, त्यातल्या ३१० ना डिंक्या लागलेला, बुडाशी सालीतून डिंक ओघळून वाळलेला. बोर्डो पेस्ट कोणत्या ओळींना लागली आणि कोणत्या वर्षी राहिली हे ताईनं झाडापाशी उभं राहून सांगितलं, आणि भाऊ बांधावर उभा राहून ऐकत होता. मधे एकदाच बोलला, "त्या ओळी बाबाच्या आजारपणात राह्यल्या." त्या दिवसापासून तो बैठकांना यायला लागला. हे कोणत्याही टीमच्या प्लॅनमध्ये नव्हतं.

मोजणी झाली तेव्हा झाडावर आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेलं फळ, होता, व्यापाऱ्यानं उभ्या बागेला ११ लाख लावले होते. भाऊचं म्हणणं तोडा झाल्यावर किंमत करा, ताईचं म्हणणं फळासकट करा. इथं अडून बसलो असतो तर पावसाळ्याच्या तोंडी फुलणारा मृग बहारही गेला असता. वावर आणि झाडं वेगळी, फळ वेगळं, असं केलं. फळाचे पैसे आले की औषध, मजुरी, डिझेल काढून ज्याच्या वावरातलं त्याचं.

वडिलोपार्जित १८ एकराचा वाद वाटला होता तेवढा निघाला नाही. सासू, दोन मुलं, एक मुलगी, कोणत्याही बाजूनं हिशोब केला तरी प्रत्येकाला चौथा हिस्सा, म्हणजे भाऊचे साडेचार एकर, आणि त्यातही पोरांचा हक्क. नणंदेलाही तेवढेच, हे ऐकून धाकटा दीर मात्र दोन बैठका गप्प होता.

सोनं, आणि युनिटवर गेलेले तीन महिने

सोन्याची यादी लग्नाच्या अल्बमवरून केली. गोफ, पाटल्या, एकदाणी, पोहेहार, फोटोत दिसतं ते लिहिलं, सोनाराकडं काट्यावर ठेवलं. यादीत ४८ तोळे, काट्यावर ३९. नऊ तोळे गेले कुठं यावर भांडण होणार तेवढ्यात ताईच्याच जुन्या पिशवीत गहाणाची पावती निघाली, २०१९ च्या उन्हाळ्यात बोअरसाठी ठेवले होते आणि सुटलेच नाहीत. स्त्रीधन बायकोचंच, नवरा फक्त सांभाळणारा, हे सुप्रीम कोर्टानं १९८५ मध्येच सांगून ठेवलंय, त्यामुळं ते नऊ तोळे भाऊनं भरून द्यायचे ठरले. बाकीचं सासूबाईंनी स्वतः डब्यातून आणून ठेवलं, म्हणाल्या, "माह्या सुनेचं हाय, मले काय करा लागते त्याचं." चावी नणंदेकडं पाठवणाऱ्या त्याच. नोटीस नसती तर ते सोनं बाहेर आलंच नसतं असं मला आजही वाटतं.

युनिटवर मात्र तीन महिने फुकट गेले. सीएनं तीन वर्षांची पुस्तकं मागितली, पार्टनर देईनात, पत्रांवर पत्रं. शेवटी बँकेकडं कर्जाची बाकी आणि स्टॉक स्टेटमेंट एवढंच पाहिलं तर कळलं की मशीन-शेड आणि कर्ज जवळजवळ बरोबरीत, भाऊच्या हिश्श्याचे जेमतेम सहा लाख. सहा लाखासाठी तीन महिने. आधी ढोबळ आकडा काढा आणि मोठं दिसलं तरच खोल खणा, हे तेव्हा मी सीएला सांगायला हवं होतं, पण मला वाटलं त्याला कळतंय.

सगळं जोडलं तेव्हा भाऊची बाजू आली तीन कोटी चौतीस लाख. फ्लॅट कर्ज वजा जाता ३९, प्लॉट ६४, स्वतःचे दहा एकर १ कोटी ३५, वडिलोपार्जितातले ५४, एफडी-एलआयसी-पीपीएफ २७, कृषी केंद्र २३, युनिट ६, आणि पीककर्जाचे १४ वजा. नऊ कोटीही नाही, दीड कोटीही नाही.

तीन ठिकाणी निर्णय अडला

एक. भाऊनं पहिल्यांदा जे तीन एकर पुढं केले ते निवृत्त काकांनी सातबारा पाहताच बाजूला ठेवले. भोगवटादार वर्ग २. विकायला, द्यायला जिल्हाधिकाऱ्याची परवानगी, सरकारला भरायचा नजराणा. भाऊलाही माहीत नव्हतं म्हणे, त्यावर मी काही बोलत नाही. त्याच काकांनी ताईच्या स्वतःच्या सहा एकराच्या सातबाऱ्यावर इतर हक्काच्या रकान्यात बँकेच्या कर्जाचा बोजा दाखवला, ४ लाख २० हजार. ताई म्हणाली मी कुठंच कर्ज काढलं नाही. काढलं होतं, सही तिचीच होती, चहा करता करता केलेली. तो बोजा भाऊनं भरून फेरफार करून द्यायचा, हे अटींत घातलं.

दोन. वावर द्यायचं कोणाला. महाराष्ट्रात शेतजमीन किंवा राहतं घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी यांना दान दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. घटस्फोट झाला की ताई बायको राहत नाही, ती सवलत गेली, म्हणून आधी वाटलं की दोन तारखांच्या मधे तिच्याच नावानं दानपत्र करू. भाऊच्या वकिलांनी नको म्हटलं, दानपत्र परत घेता येत नाही आणि ताई मधेच फिरली तर? माझीही शंका होती, दानात मोबदला नसतो आणि आपण खावटी सोडण्याच्या बदल्यात देतोय असं अटींत लिहिणार, उद्या कोणी बोट ठेवलं तर? मध्यस्थ बाई म्हणाल्या पोरांना द्या ना. पोरगी घटस्फोटानंतरही पोरगीच असते. बापाला आपल्या पोरांना दिलेलं परत मागावंसं वाटणार नाही. आणि अज्ञानाची, म्हणजे अठराच्या आतल्या पोराची, जमीन पालकाला कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हे ताईला सगळ्यात आवडलं, कारण तिला तिच्याच भावाची भीती होती. भाऊच्या स्वकष्टाच्या दहा एकरांतले पाच, ताईच्या सहा एकराला लागून. सातबाऱ्यावर पोरांच्या नावापुढं अपाक, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून आईचं नाव.

दानपत्राचा मसुदा तयार, सगळे खूश, आणि कृषी सहाय्यक जाता जाता म्हणाले, "साहेब, वावर देता तुमी, पन पानी कोन देईन?"

विहीर भाऊकडं राहणाऱ्या पाच एकरात होती. ताईचे सहा आणि पोरांचे पाच, दोन्ही त्याच विहिरीवर. तीन वकील, सीए, मूल्यांकनकार, कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं, मसुद्यात चतुःसीमा होत्या, गट नंबर होते, पाणी नव्हतं. विहिरीचं पाणी घ्यायचा हक्क, पाइपलाइन नेण्याचा रस्ता, आठवड्यात चार दिवस ताई-पोरांची पाळी तीन दिवस भाऊची, हे सगळं दानपत्रात घातलं. तो माणूस त्या दिवशी फक्त आपलं मानधन घ्यायला आला होता.

तीन. रोख रक्कम. महिन्याची खावटी की एकरकमी? सीएनं सांगितलं, मुंबई हायकोर्टाचा १९८३ चा निकाल आहे, एकरकमी पोटगी भांडवली, तिच्यावर टॅक्स नाही, महिन्याची आली तर ती उत्पन्न. आणि वेगळं राहण्याच्या कराराखाली बायकोला दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नात जोडत नाहीत. एकरकमी ५५ लाख ठरले. १५ पहिल्या तारखेला, १५ पोळ्याच्या आत, २५ चा डीडी दुसऱ्या तारखेला कोर्टात. सगळं बँकेतून.

हा पैसा प्लॉट विकून यायचा होता. भाऊ आधी वावर विकतो म्हणाला होता, कारण गावाकडच्या शेतजमिनीवर भांडवली नफ्याचा टॅक्स नसतो. पण दहा हजारावर ते एक लाख वस्तीच्या नगर परिषदेच्या हद्दीपासून दोन किलोमीटरच्या आतलं वावर त्यात बसत नाही, आणि ज्याला गिऱ्हाईक होतं ते नेमकं दोन किलोमीटरच्या आतच. लांबचं विकायचं तर त्यात विहीर. म्हणून प्लॉट.

काय झालं

पहिली तारीख मार्च २०२३. सगळे म्हणत होते सहा महिने माफ करून घ्या, २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानं तसा अर्ज करता येतो, आणि आमचं तर अठरा महिन्यांच्या वर वेगळं राहणं झालेलं. आम्ही मुद्दाम अर्ज केला नाही. प्लॉट विकायला, फ्लॅटचं कर्ज फेडून बँकेचा दाखला आणायला, दानपत्र आणि फेरफार व्हायला वेळ लागणारच होता, घाईत हुकूम घेऊन मग वसुलीसाठी पळण्यापेक्षा ते सहा महिने कामाला आले. दानपत्र ऑगस्टमध्ये नोंदलं, दुसरी तारीख ऑक्टोबरमध्ये झाली आणि हुकूम डिसेंबरमध्ये झाला.

दोन महिने का लांबलं? कारण मी अटींत ५५ लाख लिहिले, पण प्लॉट विकल्यावर लागणारा टॅक्स कोणी भरायचा ते लिहिलंच नव्हतं. सात लाखाच्या वर निघाला. भाऊ म्हणे विक्री तुमच्यासाठी केली, अर्धा तुम्ही. शेवटचा डीडी २५ चा २३ झाला. ती एक ओळ दोन लाखाला पडली, आणि ती सीएला माहीत होती, मला माहीत होती, फक्त दोघांनाही वाटलं दुसऱ्यानं घातली असेल.

ताईकडं तिचे सहा एकर बोजामुक्त, नागपूरचा फ्लॅट, सोनं आणि ५३ लाख. पोरांचं शिक्षण बापाकडं, वेगळं. भाऊकडं कृषी केंद्र, युनिट, बाकी वावर.

आज परत केलं तर

नोटीस नाही पाठवणार. किंवा पाठवली तर सोन्यापुरती, दोन ओळींची. सोनं बाहेर आलं ते त्याच नोटिशीनं, हे मी वर लिहिलंय, आणि सात आठवडे गेले ते पण त्याच नोटिशीनं, त्यामुळं यावर माझं माझ्याशीच एकमत नाही.

समुपदेशक पहिल्या महिन्यात आणणार. आम्ही सहा महिन्यांनी आणली, तोवर मुलगा माहेरच्या शाळेत महिनाभर गेलाच नव्हता आणि आम्ही मोठी माणसं उधारीच्या टक्केवारीवर बसलो होतो. कोणाकडं राहायचं हे त्याला विचारू नका असं तिनं सांगितलं, नुसतं बोलत बसली, आणि दुसऱ्या भेटीत निघालं की त्याचा लाकडी बैल सासरच्या घरी माळ्यावर राहिलाय आणि दोन वर्षं त्याचा तान्हा पोळा झालेला नाही. आम्ही सुट्ट्यांचं तयार कोष्टक केलं होतं, दिवाळी, उन्हाळा, महिन्यातून दोन शनिवार-रविवार. त्यात एक ओळ वाढली, तान्ह्या पोळ्याला मुलगा वडिलांच्या गावी असेल. जजसाहेबांनी ती ओळ दोनदा वाचली आणि पहिल्यांदा हसले.

आणि टीममध्ये प्रत्येकाला मसुदा पूर्ण वाचायला देणार, आपापल्या भागापुरता नाही. पाण्याचं मसुदा वाचून सापडलं नाही, नशिबानं सापडलं. शेवटचा कागद सगळ्यांनी एका टेबलावर एकदा मोठ्यानं वाचायचा, मुनीमजींसकट, एवढं केलं असतं तर टॅक्सची ओळही सुटली नसती.

मुलगी २०२४ मध्ये अठराची झाली, तिच्या नावापुढचं अपाक काढायचा फेरफार टाकला. मागच्या महिन्यात ताईचा फोन आला, आवाज चढलेला. विहिरीवरची मोटर जळाली, नेमकी ताईच्या पाळीत. भाऊ म्हणते अर्धे द्या, दीर म्हणते पूर्ण द्या. मी फाईल काढून दानपत्र वाचलं. पाणी आहे, पाइप आहे, पाळीचे दिवस आहेत. मोटर कुठंच नाही.